परतवारी

आषाढी एकादशीचा सोहळा पंढरपुरात पार पडतो आणि साऱ्या महाराष्ट्राचं लक्ष वारीवरून उठतं. दिंड्या पांगतात, पताका गुंडाळल्या जातात, माणसं आपापल्या रानात कामाला लागतात. आमच्या हिंगोली जिल्ह्यात मात्र वारीचा एक दिवस अजून शिल्लक असतो. पंधरा दिवसांनी, आषाढ वद्य एकादशीला, कयाधूच्या काठी नर्सीला माणसं पुन्हा जमतात. परंपरेनं नर्सी हे नामदेवांचं जन्मगाव. पंढरीला जाऊन आलेला वारकरी इथं येऊन नामदेवांपुढं माथा टेकतो, तेव्हा त्याची वारी पुरी झाली असं मानतात. याला परतवारी म्हणतात. रानात सोयाबीन गुडघ्याला लागत असतं, हळदीची पानं जमिनीबाहेर आलेली असतात, आभाळ भरलेलं असतं, आणि हिंगोलीहून, सेनगावहून, वाशिम-परभणीकडून माणसांची रीघ लागलेली असते.

या गर्दीत म्हातारी माणसं फार. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेली, एका हातात काठी नि दुसऱ्या हातात पिशवी, डोक्यावर पदर घट्ट धरलेली. दर्शनाची रांग पुढं सरकत नसली तरी त्यांना त्याचं काही वाटत नाही. रांगेतच त्यांचं खरं काम चाललेलं असतं. "मागल्या साली तुमच्या संगं ती उंच बाई होती, ती दिसंना?" "गेली की माय, माघात." मग दोघी थोडा वेळ गप्प. मग गुडघ्यांचा विषय, सुनेचा विषय, पावसाचा विषय. निघताना एकीनं दुसरीला म्हणायचं, "पुढल्या साली हायतच." एवढ्या एका वाक्यावर ही माणसं वर्ष काढतात, असं मला त्यांच्याकडं बघताना वाटत आलं आहे. पुढच्या वर्षी, याच तिथीला, याच ठिकाणी आपली वाट पाहणारं कुणीतरी आहे, ही खात्री म्हातारपणी औषधाइतकी महत्त्वाची असते.

नामदेवांच्या म्हातारपणाविषयी आपण फारसं बोलत नाही. चित्रात ते तरुण असतात, हातात वीणा, समोर प्रसन्न विठ्ठल. पण परंपरेनं त्यांचा जन्म १२७० चा आणि समाधी १३५० ची, म्हणजे ते ऐंशी वर्षं जगले. ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली ती १२९६ साली. तेव्हा नामदेव सव्वीस वर्षांचे होते. त्यानंतर वर्षभराच्या आतबाहेर सोपान, मुक्ताई, निवृत्ती अशी ती भावंडं एकामागून एक गेली. पुढं १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले, आणि त्यांच्या अस्थी पंढरीला आणण्याचं काम म्हाताऱ्या नामदेवांनी केलं, असं वारकरी सांगतात. ज्यांच्याबरोबर चाललो, जेवलो, भांडलो, गायलो, त्या भावंडांच्या जाण्यानंतर हा माणूस अर्धं शतक जगला. समाधीचे अभंग लिहिणाऱ्या नामदेवांच्या वाट्याला मागं उरण्याचं दुःख पुरेपूर आलं होतं.

या दुःखावर त्यांनी काय केलं? ते माणसांत गेले. उत्तरेकडं पार पंजाबपर्यंत, गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानपर्यंत. भाषा वेगळी, अन्न वेगळं, थंडी हाडं फोडणारी, पण तिथंही त्यांनी कीर्तन उभं केलं. त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. कीर्तनाला एकटा माणूस पुरत नाही. एकानं म्हणायचं, मागं दहांनी धरायचं, समोर शंभरांनी ऐकायचं. आपल्या मातीतल्या सर्वांत मोठ्या भक्तानं भक्तीची वाट म्हणून संगत निवडली. नर्सीच्या या मातीतून मला वृद्धाश्रमाकडं बघायचं आहे. कारण तिथं आज सगळ्यात मोठी उणीव याच एका गोष्टीची आहे.

हिंगोली हा तसा तरुण जिल्हा. १ मे १९९९ रोजी तो परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ हे पाच तालुके, २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाखांच्या आसपास लोकसंख्या, आणि दर शंभरातली पंचाऐंशी माणसं खेड्यात राहणारी. जिल्हा तरुण असला, तरी त्यातली तरुण माणसं पुण्याला, चाकणला, मुंबईला, संभाजीनगरला आहेत. ऊसतोडीच्या हंगामात तर काही गावांत जून ते ऑक्टोबरची वर्दळ दिवाळीनंतर एकदम ओसरते. मागं राहतात ती नातवंडं सांभाळणारी किंवा नुसतं घर सांभाळणारी म्हातारी माणसं. पूर्वी वृद्धाश्रम म्हटलं की पुण्या-मुंबईचा विषय वाटायचा. पुण्यातला निवारा वृद्धाश्रम ज्या ससून पंगूगृहातून वाढला, ते १८६३ मध्ये सुरू झालं, म्हणजे शहरांना हा विषय किती जुना आहे बघा. आता मराठवाड्यातही शहरांच्या कडेला, माळावर, पत्र्याच्या कमानीवर 'वृद्धाश्रम' लिहिलेलं दिसू लागलं आहे.

राज्यानं १९९५ साली मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आणली. २००७ साली केंद्राचा आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह आणि कल्याण कायदा झाला. त्याच्या १९ व्या कलमात राज्यांनी टप्प्याटप्प्यानं प्रत्येक जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम उभारावा, त्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय असावी, असं म्हटलं आहे. तिथल्या रहिवाशांना वैद्यकीय सेवा आणि करमणुकीची साधनं मिळावीत, असाही उल्लेख त्यात आहे. कायद्यानं एवढं म्हणणं ही मोठी गोष्ट आहे. खाट, ताट आणि औषध या तीन गोष्टींचा विचार तरी झाला. पण करमणुकीची साधनं म्हणजे प्रत्यक्षात काय येतं? सभागृहातला एक टीव्ही. त्याच्यासमोर प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग. रांगेतली सगळी माणसं एका दिशेला तोंड करून बसलेली. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचा चेहरा त्या मांडणीत दिसतच नाही.

आमच्या भागातल्या एका वृद्धाश्रमात मी जात असतो. व्यवस्था चांगली आहे. जेवण वेळेवर असतं, चादरी धुतलेल्या असतात, महिन्याला डॉक्टर येतो. चालवणारी माणसं मनापासून राबतात. तरीही दुपारी दोन ते चार या वेळात तिथं बसलं की छातीवर काहीतरी दडपण येतं. खाटांवर माणसं जागी असतात, डोळे उघडे असतात, आणि कुणी कुणाशी बोलत नसतं. पहिल्यांदा मला वाटलं, ही माणसं थकलेली आहेत. मग हळूहळू कळलं, बोलायला लागणारा धागाच तिथं नसतो. गावात पारावर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांना विषय शोधावा लागत नाही. समोरून एखादं पोरगं सायकलवरून गेलं की हा कुणाचा, याचा आजा कोण, त्या आजानं कुणाचा बांध कोरला होता, असं म्हणत तासभर गप्पा चालतात. दोघांना तीच माणसं, तीच शेतं, तेच दुष्काळ माहीत असतात. आश्रमात एक कळमनुरीचा, दुसरा जिंतूरचा, तिसरी उमरखेडची. प्रत्येकाजवळ आख्खं गाव आहे, पण ते गाव ओळखणारा दुसरा कुणी नाही.

म्हणून त्या आश्रमात बाहेरून कुणी आलं की सगळ्यांच्या माना वळतात. आणि बाहेरचे लोक येतातही. पुढाऱ्याचा वाढदिवस असतो, कुणाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध असतं, कॉलेजच्या मुलांचं शिबिर असतं. केळी, सफरचंदं, ब्लँकेटं, साड्या येतात. ओळीनं बसवून फळवाटप होतं, फोटो निघतात, दहा-पंधरा मिनिटांत गाड्या निघून जातात. देणाऱ्यांच्या मनात चांगुलपणा असतो, यात मला शंका नाही. पण गाड्या गेल्यानंतरचा आश्रम मी पाहिला आहे. हातातलं केळं न सोलता धरून बसलेली एक आजी मला म्हणाली होती, "लई चांगली लेकरं होती. नाव इचारायचं राहूनच गेलं." आणि मग, जरा थांबून, "आता कवा यायचे हायेत, काही बोलले का रे तुला?"

तिला केळं नको होतं असं नाही. तिला त्या लेकरांचं नाव हवं होतं आणि त्यांचा पुढचा दिवस हवा होता.

आजीच्या या प्रश्नाला शास्त्राचाही आधार आहे. अमेरिकेत रिचर्ड शुल्ट्झ या मानसशास्त्रज्ञानं १९७६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्येष्ठांच्या एका निवासातल्या रहिवाशांचे त्यानं चार गट केले. कॉलेजचे विद्यार्थी सुमारे दोन महिने त्यांना भेटायला जात. पहिल्या गटाला भेट कधी आणि किती वेळ हे स्वतः ठरवता येई. दुसऱ्या गटाला ते ठरवता येत नसे, पण विद्यार्थी कधी येणार हे आधी सांगितलेलं असे. तिसऱ्या गटाकडं विद्यार्थी अचानक जात. चौथ्याकडं कुणीच जात नसे. पहिल्या दोन गटांतल्या लोकांची तब्येत, उमेद, हालचाल सुधारली. तिसऱ्या गटाकडंही माणसं तितकीच गेली होती, तरी त्यांच्यात आणि कुणीच न भेटलेल्यांत म्हणावा असा फरक दिसला नाही. फायदा नुसत्या भेटीचा झाला नव्हता. भेटीची वाट बघता येणं, ती आपल्या हिशेबात असणं, यानं माणसं ताजी झाली होती.

यापुढचा भाग मला झोप लागू देत नाही. प्रयोग संपला, विद्यार्थ्यांचं येणं थांबलं. पुढची काही वर्षं त्या रहिवाशांची पाहणी झाली. तेव्हा दिसलं, की जे दोन गट सुधारले होते तेच नंतर झपाट्यानं खालावले. ज्यांच्याकडं कुणी गेलंच नव्हतं ते होते तिथंच राहिले. म्हणजे माणूस लावून घेणं आणि मग येणं बंद करणं, ही दुखापत आहे. वृद्धाश्रमात एक चांगली दुपार घालवून परत कधीच न जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा निष्कर्ष मनात कोरून ठेवावा असा आहे. तिकडं प्रयोगातून कळलं ते आपल्या वारकऱ्यांना नेमातून कधीचं कळलेलं आहे. वारकरी सवड मिळाली की पंढरीला जातो असं नाही. तिथी ठरलेली असते, आणि शेत, लग्न, आजारपण तिच्या आजूबाजूला बसवायचं असतं. वारी चुकू नये, हा त्याचा नेम. देवासाठी पाळतो तो नेम माणसासाठी पाळायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही.

संगत म्हणजे काय, हे मला त्याच आश्रमात एका बाबांनी शिकवलं. वसमतकडचे, आयुष्य हळदीत गेलेले. कुणाशी बोलत नसत. भिंतीकडं तोंड करून पडलेले असत. काय बाबा, बरं हाय का, या प्रश्नाला 'हाय' एवढंच उत्तर. एकदा मार्चमध्ये हिंगोलीच्या हळद मार्केटवरून जाताना मी तिथली हळकुंडं कागदात बांधून घेतली होती. ती पुडी त्यांच्यासमोर ठेवून विचारलं, "बाबा, माल कसा आहे हे मला कळत नाही. जरा बघता का?" ते उठून बसले. एक हळकुंड उचललं, बोटांत फिरवलं, कट्कन मोडलं. आतला रंग खिडकीच्या उजेडात धरला. नाकाशी नेलं. आणि म्हणाले, "शिजायला कमी पडलं. घाई केली यानं." मग हळद उकडायची कशी, कढईत पाला कसा टाकायचा, वाफ कधी ओळखायची, पूर्वी लाकडाच्या जाळावर रात्ररात्र कसं बसावं लागायचं, आता बॉयलरमुळं काम कसं हलकं झालं, हे सगळं बोलत राहिले. शेजारच्या खाटेवरचे दोघं उठून येऊन बसले. त्यातला एक जण म्हणाला, "आमच्याकडं सेलम लावायचे." बाबांनी त्याच्याकडं पहिल्यांदाच नीट पाहिलं. "तुम्ही कुठले?"

एवढंच हवं असतं. म्हाताऱ्या माणसाला नुसतं विचारपूस करणारं कुणी नको असतं, त्याला काही विचारणारं हवं असतं. त्याच्याजवळ अजून काही आहे आणि ते आपल्याला लागतं, हे त्याला कळायला हवं. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या मानांकनामागचं शहाणपण ज्या हातांत साठलेलं आहे, त्यातले काही हात आज आश्रमाच्या खाटांवर रिकामे पडले आहेत. त्याच १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या संशोधिकांनी कनेक्टिकटमधल्या एका शुश्रूषागृहात रहिवाशांना एकेक रोप दिलं. काहींना सांगितलं, रोप तुमचं, पाणी तुम्ही घालायचं, तुमचा दिवस कसा घालवायचा तेही तुम्ही ठरवायचं. काहींना सांगितलं, रोपाची काळजी परिचारिका घेतील. ज्यांच्यावर जबाबदारी दिली ती माणसं अधिक आनंदी, अधिक सावध आणि अधिक मिसळणारी झाली. सेवा करता करता माणसाच्या हातातलं सगळं काम काढून घेतलं, तर त्याच्याजवळ दुसऱ्याकडं जायचं कारणच उरत नाही. आश्रमातल्या बायांना मेथी निवडू द्या, कुणाला तुळशीला पाणी घालू द्या, कुणाला हरिपाठाची वेळ सांभाळू द्या. काम सावकाश होईल, सांडलवंड होईल. होऊ द्यावी.

महाराष्ट्रात या गोष्टी कुणी करत नाही असं नाही. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. योगेंद्र बांगर या शिक्षकांनी ती उभी केली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून दुपारी शाळेत जाऊ लागल्या. अक्षरओळख हा त्यातला एक लाभ. त्याहून मोठा लाभ असा, की दुपारच्या त्या रिकाम्या वेळात त्यांना रोज एकमेकींकडं जायचं हक्काचं ठिकाण मिळालं. सासू-सुनेच्या कुरकुरीतून, आजारपणातून उठून त्या दप्तर घेऊन निघत. आमच्याच मराठवाड्यात अंबाजोगाईच्या मानवलोक या संस्थेनं खेड्यांतल्या निराधार वृद्धांसाठी सामूहिक स्वयंपाकघरं चालवली. एकट्या म्हाताऱ्या माणसाला चूल पेटवावीशी वाटत नाही. चार जणांच्या पंगतीत तोच घास गोड लागतो, आणि एखादा आला नाही तर तो का आला नाही हे बघायला कुणीतरी त्याच्या घरापर्यंत जातं. पोटाची सोय करता करता विचारपुसेची सोय होते.

जगभर आता या विषयाकडं आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहिलं जात आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं सामाजिक नात्यांवर नेमलेल्या आयोगाचा अहवाल २०२५ मध्ये आला. जगात दर सहा माणसांतलं एक एकाकीपणानं ग्रासलेलं आहे, आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी एकाकीपणाचा संबंध आहे, असं त्यात म्हटलं आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाला हातभार लावणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या १४ गोष्टी सांगितल्या. त्यात उतारवयातलं एकटं पडणं आहे. त्यातच ऐकू कमी येणं आहे आणि नजर अधू होणं आहे. या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. ऐकू येत नाही म्हणून माणूस बोलण्यातून अंग काढून घेतो. दर वेळी "काय म्हणालास?" म्हणायची त्याला लाज वाटते. मोतीबिंदूमुळं समोरचा चेहरा ओळखू येत नाही म्हणून तो हसून बघत नाही, आणि लोक म्हणतात, म्हातारा तुसडा झाला. आश्रमाला देणगी द्यायची असेल तर कानाच्या यंत्राच्या बॅटऱ्या द्या, कवळी नीट बसवून द्या, चष्म्याचा नंबर तपासून द्या. या वस्तू माणसाला दुसऱ्या माणसापर्यंत नेतात.

माणूस माणसापर्यंत हातानंही पोचतो. औंढा नागनाथाची कथा आमच्याकडं पोराटोरांनाही ठाऊक आहे. गुरूच्या शोधात नामदेव औंढ्याच्या देवळात आला, तेव्हा एक म्हातारा चक्क महादेवाच्या पिंडीवर पाय ठेवून निजला होता. नामदेव संतापला. म्हातारा म्हणाला, माझ्यात त्राण नाही, जिथं देव नाही तिथं तूच माझे पाय उचलून ठेव. नामदेवानं पाय उचलले, आणि जिथं ठेवावेत तिथं पिंडी दिसू लागली. तो म्हातारा म्हणजे विसोबा खेचर. या कथेतलं अद्वैत पंडितांनी उलगडावं. मी तिच्यातली एक साधी गोष्ट धरून ठेवली आहे. त्या तरुणाला जे समजलं ते एका थकलेल्या माणसाचे पाय हातात घेतल्यावर समजलं. आश्रमातल्या माणसांना स्पर्श होतो तो आंघोळीचा, इंजेक्शनचा, रक्तदाब मोजण्याचा. कुणी सहज हात हातात घेतला असं महिनोन्महिने घडत नाही. भेटायला जाल तेव्हा पायांना हात लावा, पण लगेच उठू नका. पाय दाबत बसा. बोलणं आपोआप येतं.

ही सगळी जबाबदारी बाहेरच्यांची आहे, असं मात्र नाही. आश्रमातल्या माणसाशी दिवसात सर्वांत जास्त बोलते ती तिथली सेविका. वेणी घालताना, भात वाढताना, चादर बदलताना तिनं विचारलेलं "काल झोप लागली का मावशी?" हे त्या दिवसातलं पहिलं आणि कधीकधी एकमेव संभाषण असतं. दोन बायांवर चाळीस खाटांचं काम टाकलं तर तेही बंद होतं. तिचा पगार, तिची सुट्टी, तिच्या हाताखाली आणखी एखादी बाई, हा म्हाताऱ्यांच्या एकटेपणावरच्या उपायाचाच भाग आहे. आणि आश्रमाचं दार दोन्हीकडून उघडं हवं. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांना अर्धं तिकीट आहे, आणि मार्च २०२३ पासून बायकांनाही. तेव्हापासून हिंगोलीच्या स्टँडवर म्हातारी माणसं जास्त दिसू लागली. कुणी लेकीकडं, कुणी औंढ्याला, कुणी नुसतं बाजाराला. लाल गाडीच्या खिडकीजवळ बसलेल्या त्या चेहऱ्यांवर जे दिसतं ते बघून एखाद्या सरकारी निर्णयाचं सुख वाटावं. आश्रमातल्या धडधाकट माणसांनाही गावच्या जत्रेला, नातवाच्या लग्नाला, नर्सीच्या परतवारीला जाता आलं पाहिजे. काळजीपोटी कुलूप घातलं की काळजीच तुरुंगवास होऊन बसते.

२०२० साली कोरोनाच्या साथीत आपण हे सगळं बंद पडलेलं पाहिलं. त्या आषाढीला पालख्या पायी निघाल्या नाहीत, पादुका एस.टी.नं पंढरीला गेल्या. वारकऱ्यांच्या घरांत तेव्हा सुतक असल्यासारखी शांतता होती. वृद्धाश्रमांच्या फाटकांना तेव्हा आतून कुलूप होतं, आणि ते योग्यच होतं. आजार म्हाताऱ्यांवर सर्वांत निष्ठुर होता. पण जीव वाचवण्यासाठी काय गमवावं लागलं, हे जाळीच्या अलीकडून-पलीकडून एकमेकांना बघणाऱ्यांना विचारावं. वारी पुन्हा सुरू झाली, रस्ते पुन्हा भरले. फाटकंही उघडली. पण येणाऱ्यांची सवय तुटली ती बऱ्याच ठिकाणी तुटलेलीच राहिली.

दूर असलेल्या लेकरांना मी दोष देत नाही. चाकणच्या कारखान्यात बारा तास उभं राहणाऱ्या पोराला दर आठवड्याला हिंगोलीला येता येत नाही. परदेशातल्या लेकीला तर नाहीच. पण फोनचा वार आणि वेळ ठरवता येते. रविवारी सकाळी दहा म्हणजे दहा. आईला त्या दिवशी नऊपासून केस विंचरून बसता येतं, काय सांगायचं ते आठवडाभर जमवता येतं. अवचित आलेल्या पाच फोनांपेक्षा ठरलेला एक फोन तिला जास्त पुरतो. आणि बोलताना 'औषध घेतलं का' याच्या पुढं जा. "आई, कढीला फोडणी आधी देतेस की नंतर?" असं विचारा. "आबा, बहात्तरच्या दुष्काळात आपण काय खाल्लं?" असं विचारा. उत्तर माहीत असलं तरी विचारा.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठी ओलांडलेली माणसं १ कोटी ११ लाखांच्या पुढं होती. तेव्हापासून तो आकडा वाढतच गेला आहे, आणि थोड्या वर्षांनी त्यात तुम्ही-आम्ही असू. वृद्धाश्रम वाढतील. ते असू नयेत, असं म्हणून ते थांबणार नाहीत, आणि निराधार माणसाला छप्पर मिळणं ही वाईट गोष्टही नाही. त्या छपराखाली माणसांची ये-जा राहील की नाही, एवढंच आपल्या हातात आहे.

म्हणून माझी एक विनंती आहे. आपल्या गावाजवळचा वृद्धाश्रम शोधा, आणि तो नसेल तर गल्लीतलं एकटं पडलेलं म्हातारं घर शोधा. महिन्यातला एक वार ठरवा, एकादशी धरली तरी चालेल. रिकाम्या हातानं गेलात तरी हरकत नाही. एका माणसाचं नाव, गाव, धंदा विचारा आणि पुढच्या वेळी त्याच माणसाकडं जा. त्याच्याकडून काहीतरी शिका. निघताना कधी परत येणार ते स्पष्ट सांगा. येता येणार नसेल तर तसा निरोप पाठवा. आणि जो दिवस सांगितला असेल, त्या दिवशी नक्की जा.